ग्रिडचे तुकडे नकोत, शिस्त हवी

मोठा वीजखंड झाला की एक मत हमखास ऐकू येते: सगळा देश एकाच ग्रिडला जोडला हीच चूक, एवढे जाळे कुणाच्या आटोक्यात राहणार? ही भीती पोकळ नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी लागोपाठ ग्रिड कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातला, साठ कोटींहून अधिक वस्तीचा मुलूख विजेविना राहिला.

निदान मात्र चुकीचे आहे. ३० तारखेला पहिल्यांदा तुटलेल्या बीना–ग्वाल्हेर वाहिनीत बिघाड नव्हताच. इतर वाहिन्या बंद असल्याने तिच्यावर भार चढला आणि रिलेने त्या भारालाच बिघाड मानले. काही राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. भार कमी करा, हे भारप्रेषण केंद्राचे सांगणे पुरेसे पाळले गेले नाही. वारंवारिता घसरताच आपोआप भार तोडणारे रिले बसवलेले होते, पण त्यांनी हवा तेवढा भार सोडला नाही. यात आकाराचा दोष कोणता? उलट ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर–रायचूर वाहिनीने दक्षिणही जोडली गेली, जाळे आणखी वाढले, आणि २०१२ सारखी आपत्ती पुन्हा आली नाही.

लहान असणे म्हणजे सुरक्षित असणे, हेही खरे नाही. संकटात मुंबईला ग्रिडपासून अलग करणारी आयलंडिंगची व्यवस्था चार दशकांची जुनी. १२ ऑक्टोबर २०२० ला कळव्याकडून येणारा पुरवठा तुटला, तेव्हा तीही शहराला तारू शकली नाही, कारण आत मागणीच्या मानाने निर्मिती तोकडी होती. लोकल जागच्या जागी थांबल्या.

‘मग केंद्रात एकच मोठी यंत्रणा बसवा, ती सगळे सांभाळेल,’ असे दुसरे टोक सांगते. तेही मला मान्य नाही. वारंवारिता काही सेकंदांत ढासळते. तेवढ्यात वरून हुकूम येण्याची वाट पाहता येत नाही. जनित्राच्या गव्हर्नरने आणि उपकेंद्रातल्या रिलेने आपले काम जागेवरच करायला हवे. केंद्राने आधी मर्यादा आखून द्याव्यात आणि तयारी करून घ्यावी. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊला देशाने दिवे मालवले, मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटने घसरली. जलविद्युत केंद्रांनी जवळपास १७,५०० मेगावॉट निर्मिती उतरवली, मग पुन्हा चढवली. ग्रिड टिकले, कारण कोणी किती आणि केव्हा उतरायचे हे आधीच ठरले होते.

ही तयारी एका रात्रीपुरती राहू नये. रिलेचे सेटिंग आणि आयलंडिंग यांची खऱ्या भारावर नियमित चाचणी घ्या, निकाल लोकांसमोर ठेवा, आणि मर्यादा मोडणारे राज्य कितीही वजनदार असो, त्याचा दंड माफ करू नका.