कर एकदाच, पैसा हाती येईल तेव्हा

परदेशात पंधरा-वीस वर्षे नोकरी करून कायमचे मायदेशी परतलेल्या माणसाला पहिली दोनेक वर्षे काही जाणवत नाही. प्राप्तिकर कायदा त्याला ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ अशा मधल्या पायरीवर ठेवतो आणि त्याच्या परदेशातल्या उत्पन्नाला हात लावत नाही. दोन, क्वचित तीन वर्षांनी ही मुभा संपते. मग तो पूर्ण निवासी ठरतो आणि जगात कुठेही झालेली त्याची मिळकत भारतात करपात्र होते. अमेरिकेत पगारातून कापून साठवलेल्या म्हातारपणाच्या पुंजीचा प्रश्न इथून सुरू होतो.

तिथले ४०१ (के) खाते म्हणजे ढोबळमानाने आपला पीएफ. पगारातली रक्कम कर न कापता खात्यात जाते, कंपनी आपली भर घालते, पैसा शेअर-रोख्यांत गुंतवला जातो आणि कर लागतो तो पैसे काढताना. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत हात लावला, तर सहसा वरून दहा टक्के दंड. आपल्या कायद्याची रीत निराळी. ज्या वर्षी उत्पन्न झाले त्या वर्षी कर. समजा, पंचेचाळिशीतला कोणी पुण्यात परतला आणि त्याच्या खात्यात वर्षभरात वीस हजार डॉलर उत्पन्न जमा झाले. डॉलरमागे ८५ रुपये धरले तर हे सतरा लाख होतात. तो तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह सुमारे पाच लाख तीस हजारांचा कर. यातला एक रुपयाही त्याच्या हातात आलेला नाही. कर भरायचा तो इथल्या पगारातून किंवा घरासाठी बाजूला ठेवलेल्या पैशातून. पुढे साठीत तो रक्कम काढेल तेव्हा अमेरिका तिचा कर घेईल. त्या कराची वजावट मागायला तोपर्यंत भारतात त्या उत्पन्नावरचा कर उरलेला नसेल, कारण तो पंधरा वर्षांपूर्वीच भरून झालेला असेल. आणि त्या जुन्या भारतीय कराची नोंद शोधून वजावट देण्याची सोय अमेरिकेकडे व्यवहारात नाही.

ही अडचण सरकारला ठाऊक नव्हती असे नाही. २०२१ च्या अर्थसंकल्पी भाषणात निर्मला सीतारामन यांनी परतणाऱ्या अनिवासी भारतीयांच्या निवृत्ती खात्यांचा आणि करआकारणीच्या वेळा न जुळण्याचा स्पष्ट उल्लेख केला. त्यातून तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्यात कलम ८९ए आले. ठरलेल्या देशातल्या निवृत्ती खात्यातल्या उत्पन्नावर तो देश ज्या वर्षी कर लावेल, त्याच वर्षी भारतही लावेल, असा पर्याय त्याने दिला. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा हे तीन देश त्यासाठी जाहीर झाले. निर्णय योग्य होता आणि त्याचे श्रेय सरकारला द्यायलाच हवे. पण अटी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रत्यक्षात परतणारी माणसे नव्हती.

या सवलतीसाठी एक फॉर्म विवरणपत्राच्या मुदतीआधी ऑनलाइन भरावा लागतो, आणि एकदा निवडलेला पर्याय मागे घेता येत नाही. नुकत्याच परतलेल्या माणसाला मुलांची शाळा, आईवडिलांची आजारपणे, घराचे कागद यांतून अशा फॉर्मचे नावही कानावर पडत नाही. बऱ्याचदा त्याच्या सीएलाही तो ठाऊक नसतो. त्याहून जाचक आहे ती परत जाण्याबद्दलची अट. पर्याय निवडलेली व्यक्ती पुढे पुन्हा अनिवासी झाली, तर तिने तो पर्याय कधी निवडलाच नव्हता असे मानले जाते. मधल्या सगळ्या वर्षांत खात्यात साचलेले उत्पन्न निघण्याच्या आधीच्या एकाच वर्षात करपात्र ठरते. परतलेल्यांपैकी कितीतरी जण नोकरीपायी किंवा मुलांपायी पुन्हा जातात. आठ-दहा वर्षांच्या वाढीवरचा कर, तोही न मिळालेल्या पैशावरचा, त्यांनी एका दमात कुठून भरायचा?

देशांच्या यादीचा प्रश्न वरवर सोपा वाटतो, पण तसा नाही. ऑस्ट्रेलियातून कायमस्वरूपी परतणाऱ्यांची ‘सुपरॲन्युएशन’ खाती या सवलतीबाहेर आहेत. नुसते यादीत नाव घालूनही भागणार नाही, कारण ज्या खात्यावर पैसे काढताना कर लागतो त्यालाच या सवलतीची व्याख्या लागू होते. ऑस्ट्रेलियात कर निधीच्या आतच कापला जातो आणि साठीनंतर रक्कम सहसा करमुक्त मिळते. अमेरिकेतल्या ‘रॉथ’ खात्यांचेही तसेच. तिथे कर आधी भरलेला असतो आणि नियम पाळून काढलेल्या रकमेवर काहीच लागत नाही. म्हणजे ज्याने तिकडचा कर प्रामाणिकपणे आधी भरला, त्याला भारतात दरवर्षी कर आणि ज्याने पुढे ढकलला त्याला सवलत. ही व्याख्या बदलायलाच हवी. खाते निवृत्तीसाठी आहे का आणि पैसा अडकलेला आहे का, एवढेच तिने पाहावे.

डॉलरमध्ये कमावलेल्यांचे चोचले सरकारने का पुरवावेत, असा सवाल कुणी करील. पण इथे करमाफी कोणी मागत नाही. मागणी फक्त वेळेची आहे. त्यात भारताचाही तोटा नाही. १९८९ मध्ये झालेल्या भारत-अमेरिका दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारानुसार खासगी नोकरीच्या पेन्शनवर कर लावण्याचा अधिकार पेन्शनर जिथे राहतो त्या देशाचा आहे. तो भारतात राहिला तर कर भारताचा. मात्र या करारात पेन्शन म्हणजे ठरावीक काळाने मिळणारी रक्कम. एकरकमी काढली की ती या व्याख्येत बसत नाही आणि अमेरिकेच्या लेखी अनिवासी असलेल्याच्या रकमेतून तीस टक्के कापले जातात. या कपातीची वजावट भारतात मागायची तर वेगळा फॉर्म, शिवाय त्यांचे वर्ष जानेवारीचे आणि आपले एप्रिलचे. हे खाते ‘विदेशी मालमत्ता’ या रकान्यात दाखवायचे राहिले, तर काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५ च्या कायद्यान्वये दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. वीस लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यातून वगळले, हे बरे झाले. पण पंधरा वर्षांच्या नोकरीचे निवृत्ती खाते वीस लाखांत क्वचितच बसते. पगारातून रीतसर कापलेल्या पैशासाठी शिक्षकाला किंवा इंजिनीअरला काळ्या पैशाचा कायदा दाखवणे अन्यायाचे आहे.

करापलीकडे आणखी एक नुकसान आहे, आणि ते तरुणांचे आहे. अमेरिकेत प्रत्येक पगारातून ६.२ टक्के सामाजिक सुरक्षेसाठी कापले जातात, तेवढेच कंपनी भरते. पेन्शनचा हक्क मिळतो तो साधारण दहा वर्षे काम केल्यावर. एच-१बी व्हिसा एरवी जास्तीत जास्त सहा वर्षांचा. ग्रीन कार्डच्या रांगेत न थांबता परतणाऱ्याची ही कपात तिथेच राहते. बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स, जपान अशा वीसेक देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत. अमेरिकेशी नाही. आपलेही हात पूर्ण स्वच्छ नाहीत. करार नसलेल्या देशातून भारतात नोकरीला आलेल्यांना २००८ पासून पूर्ण पगारावर पीएफ भरावा लागतो आणि काढता येतो तो एरवी अठ्ठावन्न वर्षांनंतरच. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ही तरतूद अवैध ठरवली होती. दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या माणसांचे पैसे असे धरून ठेवलेले असताना व्यापाराच्या वाटाघाटींत हा विषय मागे का पडावा?

ब्रिटनबाबत तो पुढे आला. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या व्यापार कराराबरोबर दुहेरी वर्गणी टाळण्याचा समझोता ठरला आणि तात्पुरत्या कामासाठी पाठवलेल्यांना तीन वर्षे यजमान देशातल्या कपातीतून सूट देण्याचे तेव्हा मान्य झाले. भारताने आग्रह धरला तर काय मिळू शकते, याचे हे उदाहरण आहे. पण तिथे वर्षानुवर्षे राबून परतणाऱ्यांना त्यात काही नाही. ब्रिटनची सरकारी पेन्शन तिथे राहणाऱ्यांसाठी दरवर्षी वाढते, भारतात राहणाऱ्यांसाठी मात्र पहिल्या दिवशी जेवढी मिळाली तेवढीच गोठते. इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये राबून पुढे गोव्यात परतणारा गोमंतकीय असो की लंडनच्या रुग्णालयातून निवृत्त होऊन नाशिकला येणारी परिचारिका, महागाई इथलीही वाढते. पुढच्या वाटाघाटींत ही गोठवणूक उठवण्याची मागणी भारताने लेखी मांडावी, आणि येत्या वित्त विधेयकात निवृत्ती खात्यांच्या सवलतीची व्याख्या, मुदत आणि परत जाण्याची अट या तिन्ही दुरुस्त कराव्यात.