एक धागा, चाळीस रंग

आमच्या कोडोलीत पाण्याच्या पाईपसाठी चर खणताना केबल तुटली आणि दुपारपर्यंत सारे ठप्प झाले. बँकेत पैसे निघेनात. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आलेली एक मुलगी कागदांची पिशवी घेऊन परत गेली. आम्ही चरात डोकावलो, तर बोटाएवढी काळी केबल! शेजारच्या आजी म्हणाल्या, "एवढ्याशा तारेवर गावाचा कारभार?"

आजी, त्यात तार नसतेच. तांब्याच्या आशेने ती उपटणाऱ्यांनीही हे ऐकावे. आत केसासारखे बारीक काचेचे धागे असतात आणि त्यांतून प्रकाश लुकलुकत धावतो. ह्या लुकलुकण्यातच आपला आवाज, अक्षरे, चित्रे असतात.

पूर्वी माहिती वाढली की नव्या धाग्यांची सोय करावी लागे. मग एकाच धाग्यातून प्रकाशाचे अनेक रंग सोडण्याची युक्ती निघाली. रेडिओवर सांगली, पुणे, मुंबई ही केंद्रे एकाच हवेतून येत. खुंटी फिरवली की हवे ते लागे. तसेच हे. १९९९ साली सुरू झालेल्या आणि मुंबईला टेकलेल्या सी-मी-वी ३ ह्या सागरी केबलमध्ये एका धाग्यात आठ रंग होते. पुढे चाळीस, ऐंशीही मावू लागले. चाळिसांच्या मांडणीत शेजारच्या दोन रंगांत अंतर किती? लहरीच्या लांबीत जेमतेम ०.८ नॅनोमीटर. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर! लेसर एका अंशाने तापला तरी रंग सुमारे ०.१ नॅनोमीटर सरकतो, म्हणून त्याला सतत एकाच तापमानात ठेवावे लागते. वाटेत प्रकाश मंदावतो. तेव्हा एर्बियम मिसळलेल्या काचेचा एक तुकडा साऱ्या रंगांना एकदमच जोर देतो. पलीकडच्या टोकाला ते पुन्हा वेगळे केले जातात.

ही दाटी शहराशहरांतल्या थोरल्या लाईनवर असते. घराघरांत येणाऱ्या धाग्यात बहुधा दोनच रंग, एक येणारा, एक जाणारा.

दुपारी जोडणी करणारा पोरगा आला. टोके पुसून, यंत्रात वितळवून त्याने धागे सांधले. आमची पोरे भोवती वाकली तसा तो ओरडला, "टोकात बघू नका रे! उजेड दिसत नाही, पण डोळा जातो."

चर खणणारी आमचीच माणसे होती. त्यांतल्या एकाने त्याला बाजूला घेऊन विचारले, "हे काम कुठं शिकवतात?"