पंखा पाणी गार करतो आणि खारटही

खाऱ्या पाण्याच्या घरगुती टाकीत तापमान आणि क्षारता ही दोन वेगळी खाती मानण्याची रीत आहे. काचेला चिकटवलेला थर्मामीटर रोज पाहायचा, कपाटातला, क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आठवड्याने किंवा आठवण झाली तर काढायचा. दमट किनारपट्टीवर ही रीत निभावून जाते. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीत ती एप्रिलचा पहिला पंधरवडाही टिकत नाही. तिथे पाणी गार ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बाष्पीभवन, आणि बाष्पीभवनाने जे वाढते ती क्षारता. एका खात्यात जमा झालेले दुसऱ्या खात्यात खर्ची पडते; म्हणून कोरड्या मुलखात ही दोन्ही खाती एकाच वहीत लिहावी लागतात.

टाकीसाठी 24 ते 27 अंश सेल्सिअस तापमान आणि 35 पीपीटी क्षारता, म्हणजे दर किलो पाण्यात 35 ग्रॅम क्षार, हे सर्वमान्य लक्ष्य आहे. रिफ्रॅक्टोमीटरच्या दुसऱ्या पट्टीवर हे विशिष्ट गुरुत्व 1.026 दिसते. निसर्गात मात्र सगळीकडे एकच आकडा नाही. अरबी समुद्र 36 च्या आसपास, बंगालच्या उपसागराचा उत्तर भाग नद्यांच्या पाण्यामुळे त्याहून बराच कमी, तर तांबडा समुद्र 40 च्या घरात. मासे या सगळ्या पाण्यांत राहतात. त्यांना सोसत नाही तो रोजचा चढउतार. सागरी माशाच्या शरीरातील द्रवाची क्षारता समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असते. त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते, म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकून देतो. क्षारता चढली की हे काम वाढते. तारामाशासारख्या अनेक अपृष्ठवंशी जीवांना तर ही सोयही जवळपास नसते. बाहेरचे पाणी जसे, तसे आतले.

उष्णतेचा मार दुहेरी असतो. समुद्रसपाटीला 35 पीपीटीच्या पाण्यात 25 अंशांना लिटरमागे सुमारे 6.7 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना 6.2. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच आहे, त्यामुळे हे आकडे तिथे आणखी पाच टक्क्यांनी उतरतात. पुरवठा असा घटत असतानाच गरम पाण्यातल्या माशाची प्राणवायूची गरज वाढते. प्रवाळांची सहनशक्ती याहून कमी. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा समुद्र एका अंशाने वर जाऊन काही आठवडे तसाच राहिला, तर ते पांढरे पडू लागतात. 1998, 2010, 2016 आणि 2024 साली लक्षद्वीपात हे दिसले.

कुंभारी समुद्रापासून सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरांच्याही पलीकडे आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारच्या हवेतली सापेक्ष आर्द्रता 20-25 टक्क्यांवर येते. गावाची आजची ओळख विडी आणि इतर असंघटित कामगारांच्या घरकुलांची आहे: 10,000 घरांची गोदूताई परुळेकर वसाहत, आणि 19 जानेवारी 2024 रोजी ज्यातील 15,000 घरे कामगारांना मिळाली ते रे नगर. काँक्रीटच्या स्लॅबखालचे घर दुपारी उष्णता साठवते आणि रात्री सोडते. टाकीचे पाणीही हवेच्या मागून तापते. म्हणून अशा घरात टाकीचा सर्वांत गरम प्रहर दुपारी दोनचा नसतो, दिवेलागणीनंतरचा असतो. सकाळी एकदाच थर्मामीटर पाहणाऱ्याला हा चढ कधी दिसतच नाही. सकाळी सहा आणि रात्री आठ अशा दोन नोंदी ठेवल्या तरच टाकीचा खरा चढउतार कळतो.

याच कोरड्या हवेत उपायही आहे. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने टाकीच्या पृष्ठभागावरून वारा खेळवला की पाणी गार होते. वारा कितीही घातला तरी पाणी हवेच्या आर्द्र-कंद तापमानाखाली जात नाही, म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर जे दाखवतो त्याच्या खाली. हवा 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असताना हे तापमान 23 अंशांच्या जवळ असते. रत्नागिरीत मे महिन्यात 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता धरली, तर ते 28 च्या वर जाते. म्हणजे समुद्राशेजारच्या घरात पंख्याने पाणी 27 वर आणणे भौतिकशास्त्रालाच मान्य नाही, तिथे चिलर लागतो. आणि महाराष्ट्रातल्या सर्वांत तापणाऱ्या पट्ट्यांपैकी एकात दोनअडीचशे रुपयांचा छोटा पंखा ते काम करू शकतो. वाळ्याचा कूलर सोलापुरात चालतो आणि मुंबईत फसतो, त्यामागचे कारणही हेच. मात्र खोलीत कूलर चालू असेल तर खिडकी उघडी हवी. बंद खोलीत ओलावा साचतो आणि कूलर व टाकीचा पंखा दोघेही निकामी होतात.

पंखा पाण्यावर तिरका लावावा आणि टाकीचे झाकण काढून जाळी बसवावी. जाळीने मासे बाहेर उडी घेत नाहीत आणि वाफ अडत नाही. त्याआधी उष्णतेची आवक कमी करणे शहाणपणाचे. पाण्यात बुडवलेल्या पंपाची बहुतेक वीज अखेर पाण्यातच उष्णता होऊन उतरते. दिवे उन्हाळ्यात संध्याकाळऐवजी पहाटेपासून सकाळपर्यंत लावता येतात. टाकी पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली नसावी.

आता हिशेब. 90 सेंटीमीटर लांब, 40 सेंटीमीटर रुंद आणि 45 सेंटीमीटर उंच टाकी घेतली, तर खडक आणि वाळू वगळून तिच्यात साधारण 120 लिटर पाणी असते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2,430 किलोज्यूल उष्णता निघून जाते. दिवसभरात एक लिटर उडणे म्हणजे 28 वॅटचा हीटर सतत बंद ठेवण्यासारखे. पंप, दिवे आणि तापलेली खोली मिळून या टाकीत मे महिन्यात 100 वॅटच्या आसपास उष्णता येत असेल, तर ती बाहेर काढायला रोज सुमारे साडेतीन लिटर पाणी उडावे लागते. 90 गुणिले 40 च्या पृष्ठभागावर 3.6 लिटर म्हणजे बरोबर एक सेंटीमीटर.

मीठ मात्र उडत नाही. पातळी एक सेंटीमीटर उतरली की 35 ची क्षारता 36.1 होते, चार सेंटीमीटर उतरली की 39.8, म्हणजे तांबडा समुद्र. चार दिवस गावाला जाऊन येणाऱ्याची टाकी तापमानाने निर्दोष असते, थर्मामीटर 26 दाखवतो आणि कोळंबी मरून पडलेली असते. संप, म्हणजे खाली जोडलेली दुसरी टाकी, असेल तर हे आणखी सहज नजरेआड होते, कारण वरच्या टाकीची पातळी हलतच नाही. सगळी घट पंपाच्या कप्प्यात दिसते. तो कप्पा 30 गुणिले 30 सेंटीमीटरचा असेल, तर तेच 3.6 लिटर तिथे एका दिवसात चार सेंटीमीटर खाली जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पंप हवा ओढू लागतो.

भरपाईचा नियम एका ओळीत मावतो: उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी, काढलेल्या पाण्याच्या जागी खारे. उडालेल्याच्या जागी खारे पाणी घालणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. उलट चूक जुन्याजाणत्यांकडून होते. फेसावाटे घाण काढणाऱ्या स्किमरचा पेला, सांडलेले पाणी आणि काचेच्या कडेवर साचलेले मीठ यांच्यासोबत क्षार बाहेर जातात, त्यांची जागा गोड्या पाण्याने भरली जाते आणि काही महिन्यांत क्षारता 32 वर येते.

गोडे पाणी म्हणजे कोणतेही पाणी नव्हे. महिनाभर रोज 3.6 लिटर घालत गेले तर 108 लिटर होतात, जवळजवळ टाकीभर. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, 800 मिलिग्रॅम आहे असे धरले, तर त्या 108 लिटरांसोबत सुमारे 86 ग्रॅम क्षार टाकीत उतरतात, आणि ते समुद्राच्या प्रमाणातले नसतात. त्यांत कॅल्शियम, बायकार्बोनेट, कधी नायट्रेट असते. म्हणून आरओचे, शक्यतो त्यापुढे उरलेले क्षार पकडणाऱ्या डीआय रेझिनमधून काढलेले, शून्याजवळ टीडीएस असलेले पाणी हवे. आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो. नळाला रोज पाणी येत नाही अशा भागात ते फरशी आणि भांड्यांसाठी साठवून ठेवले तरच हा छंद घराला परवडतो.

समुद्रापासून दूर खारी टाकी ठेवणे शक्य झाले ते कृत्रिम समुद्रजलामुळे. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस याने 1854 साली त्याची कृती प्रसिद्ध केली, आणि तीत साध्या मिठाखेरीज मॅग्नेशियम व पोटॅशियमचे क्षारही होते. स्वयंपाकघरातले मीठ एवढ्यासाठीच चालत नाही. तयार सागरी मीठ लिटरला साधारण 36 ते 40 ग्रॅम लागते. ते वेगळ्या बादलीत, छोटा पंप लावून, पूर्ण विरघळेपर्यंत फिरवावे आणि टाकीच्या तापमानाला आल्यावरच मोजून घालावे. टाकीत थेट मीठ टाकू नये.

मापनातही तापमान आडवे येते. काचेचा तरंगता हायड्रोमीटर एका ठरावीक तापमानाला जुळवलेला असतो. 25 अंशांना जुळवलेला हायड्रोमीटर 30 अंशांच्या पाण्यात सोडला, तर तो क्षारता प्रत्यक्षापेक्षा सुमारे दोन पीपीटीने कमी दाखवतो. म्हणजे ज्या महिन्यात क्षारता चढते, नेमक्या त्याच महिन्यात उपकरण ती उतरल्याचे सांगते आणि मालक आणखी मीठ घालतो. रिफ्रॅक्टोमीटर अधिक भरवशाचा. पण तो केवळ शुद्ध पाण्याने शून्यावर जुळवला तर 35 जवळ चुकू शकतो. पडताळणीचे द्रावण घरीही होते: 36.5 ग्रॅम साधे मीठ आणि 963.5 ग्रॅम आरओ पाणी, दोन्ही वजनाने, चमच्याने नव्हे. समुद्रजलासाठी बनवलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर ते 35 दिसायला हवे. महिन्यातून एकदा हे पाहावे आणि काचेवर थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबून वाचावे.

रोजची भरपाई फ्लोट लावून आपोआप करता येते. फ्लोट कधीतरी अडकणारच, हे धरून साठ्याची टाकी निवडावी. 20 लिटरचा जार पूर्ण रिकामा झाला तर वरच्या उदाहरणातली क्षारता 35 वरून 30 वर येते. दहा लिटरचा झाला तर 32.3 वर थांबते. तीन दिवसांपेक्षा मोठा साठा जोडू नये.

वीज गेली की पहिली गरज गारव्याची नसते, प्राणवायूची असते. बॅटरीवरचा एअर पंप आणि चार-पाच वॅटचा पंखा साध्या इन्व्हर्टरवर तासन्‌तास चालतात. गोठवलेली पाण्याची बाटली हा आणीबाणीचा उपाय आहे, पण त्याची ताकद ओळखून वापरावी: एक लिटर बर्फ 120 लिटर पाणी जेमतेम एक अंश उतरवतो. बाटली बंदच ठेवावी. सुटा बर्फ टाकला तर क्षारता उतरते आणि नळाच्या पाण्यातला क्लोरीनही टाकीत जातो.

जूनमध्ये पहिल्या पावसासोबत गणित बदलते. हवा दमट होते, पंखा तेवढाच फिरतो, पण पाणी कमी उडते. मे महिन्याच्या मापाने गोडे पाणी घालत राहणाऱ्याची क्षारता आता घसरू लागते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा पंधराच्या आसपास येतो, तेव्हा हीटर लागतो. या टाकीला शंभर वॅटचा एक घेण्यापेक्षा पन्नासचे दोन घ्यावेत. एक चालू अवस्थेत अडकला तरी पाणी उकळत नाही आणि एक बंद पडला तरी ते गारठत नाही. पंखा 27 ला सुरू आणि हीटर 25 ला बंद, असे मधे दोन अंशांचे अंतर ठेवले नाही तर दोघे एकमेकांविरुद्ध वीज जाळतात.

चूक लक्षात आल्यावर ती एका दिवसात दुरुस्त करू नये. 39 वर गेलेली क्षारता दिवसाला एक पीपीटी या गतीने खाली आणावी. म्हणजे त्या दिवशी उडालेल्या पाण्यावर आणखी एक सेंटीमीटर गोडे पाणी, आणि तेही दोन-तीन वेळांत विभागून.

एवढ्या सगळ्याला लागणारे पहिले उपकरण म्हणजे मार्करची एक रेघ. क्षारता बरोबर 35 असताना, पंप चालू असताना, टाकीच्या किंवा संपच्या काचेवर पाण्याच्या पातळीशी ती ओढावी आणि रोज सकाळी पाणी तिथवर आणावे. ही रेघ मार्च संपण्यापूर्वी ओढलेली असावी. कुंभारीतल्या टाकीला मे महिन्यात खाद्याइतक्याच नेमाने लागते ते रोजचे साडेतीन लिटर गोडे पाणी.