ऑस्करचं पिल्लू आणि लहान टाकी

"टाकी लहान असली की मासाही लहानच राहतो," असं ऑस्करचं पिल्लू विकताना सर्रास सांगितलं जातं. मला हे पटत नाही. 2 इंचांचं हे गोंडस पिल्लू म्हणजे मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातला सिक्लिड. पूर्ण वाढ सुमारे 30 सेंटिमीटर, आयुष्य 10 वर्षांहून जास्त. 2 फुटी टाकीत त्याच्या मलमूत्राने पाण्यात अमोनिया साठतो, कल्ल्यांना इजा होते, वाढ खुंटते. हे जुळवून घेणं नव्हे, आजारपण आहे. पुढे कंटाळून कोणी त्याला तलावात सोडलं, तर तो तिथल्या लहान माशांवर ताव मारणार. पोरांना चप्पल घेताना आपण वाढता पाय बघतोच ना? मग मुक्या जिवाला वेगळा हिशेब का? मोठी टाकी परवडत नसेल, तर ऑस्कर घरी आणूच नये.