रोजचाच लांडगा

पहाटे 3 वाजून 1 मिनिटाने आमचा फ्रीबीएसडी सर्व्हर स्वतःची झडती घेतो आणि मला ईमेल धाडतो. एका पतसंस्थेची यंत्रणा मी सांभाळतो. सकाळच्या चहाबरोबर तो अहवाल वाचतो. खरं तर पूर्वी नुसता खाली सरकवायचो. दोनशे ओळी फसलेल्या लॉगिनच्याच! इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राची कडी कुणी ना कुणी रोज हलवून बघतंच. ती बातमी नव्हे.

त्याच गर्दीत एकदा एक ओळ होती: एका फाइलला 'सेटयूआयडी' लागला होता. म्हणजे ती कुणीही चालवली, तरी चालणार मालकाच्या, इथे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या, अधिकाराने. मला ती चौथ्या दिवशी दिसली. आमच्याच पोराने चाचणीसाठी केलेला उद्योग निघाला, म्हणून निभावलं. पण अमेरिकेत 2013 मध्ये टार्गेट कंपनीत इशारे मिळूनही वेळेत हालचाल झाली नाही. सुमारे 4 कोटी कार्डांचा तपशील चोरीला गेला.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. रूटच्या तोडीचं नवं खातं, नवा सेटयूआयडी, उघडलेला पोर्ट, अनोळखी पत्त्यावरून यशस्वी लॉगिन हे अहवालात सगळ्यात वर. ठरवून केलेले अपडेट खाली. फसलेल्या लॉगिनचा फक्त आकडा.

आणि काहीच बदललं नाही, तरी 'बदल नाही' एवढी एक ओळ यावीच. राखणदार गप्प असला, की तो जागा आहे की झोपलाय, कळणार कसं?