उरलेलं इंजिन ऑइल: फेकायचं की वापरायचं?



ग्रास कटर आणि लॉन मोव्हर भाड्याने देण्याच्या धंद्यावर आपण व्हिडिओ केला, तेव्हापासून एक प्रश्न सारखा येतोय. "सर, मागच्या सीझनला उघडलेलं ऑइल यंदा चालेल का?"

माझं मत सरळ आहे. ऑइल सहसा लवकर खराब होत नाही, आपण ते ठेवतो वाईट.

सीलबंद बाटली कोरड्या, सावलीच्या जागी साधारण 5 वर्षं टिकते. एकदा उघडली, की घट्ट झाकण लावून ठेवा आणि वर्ष-दोन वर्षांत संपवा. म्हणजे जुलैत उघडलेली बाटली पुढच्या जूनमध्ये बिनधास्त वापरता येते. फक्त आत पाणी आणि धूळ जायला नको.

आता हिशोब बघा. 35 सीसीच्या चार स्ट्रोक ग्रास कटरला एका वेळी साधारण 100 मिली ऑइल लागतं. लॉन मोव्हरला 500 ते 600 मिली. एकच ग्रास कटर असेल, तर 1 लिटरची बाटलीसुद्धा खूप दिवस पुरते. मग 5 लिटरचा कॅन कशाला?

ही चूक मी स्वतः केलीय. डिस्काउंट मिळतोय म्हणून मोठा कॅन उचलला आणि दुकानामागे पत्र्याखाली ठेवला. झाकण नीट बसलेलं नव्हतं. दिवसा कॅन तापायचा, रात्री थंड व्हायचा आणि पत्र्यातून गळून झाकणावर साचलेलं पाणी हळूहळू आत ओढलं जायचं. पुढच्या पावसाळ्यात माझ्या पोऱ्याने तेच ऑइल गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये ओतलं. दोन दिवसांनी मशीन परत आलं. आत बघतो तर ऑइल दुधाच्या चहासारखं! इंजिन वाचलं, पण साफसफाई, नवीन ऑइल, मजुरी सगळं माझ्या खिशातून गेलं. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. डिस्काउंटमध्ये वाचलेले पैसे कधीच विसरलो, ते गिऱ्हाईक अजून आठवतं.

म्हणून माझ्या दुकानात आता हे नियम आहेत:

1. बाटली उघडली, की मार्करने तारीख लिहायची.
2. वापरण्याआधी थोडं ऑइल पारदर्शक ग्लासात ओतून बघायचं. दुधाळ दिसलं, कचरा किंवा गाळ दिसला, तर वापरायचं नाही.
3. बाटली पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत रिकामी करायची नाही. ग्रेड कळत नाही आणि कुणी चुकून प्यायलं तर जिवावर बेतेल.
4. टू स्ट्रोकसाठी पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल वेगळी गोष्ट आहे. आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला ओलावा लवकर धरतो. लागेल तेवढंच मिक्स करा.
5. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल परत वापरायचं नाही, गटारातही ओतायचं नाही. कायद्याने तो घातक कचरा आहे. अधिकृत रिसायकलरकडेच द्या.

काही जण म्हणतील, "एवढ्याशा ऑइलसाठी एवढी कटकट?" पण भाड्याच्या धंद्यात मशीन बंद पडलं, की त्या दिवसाचं भाडं गेलं, आणि सीझन असतो जेमतेम तीन-चार महिन्यांचा.

आजच दुकानातल्या, गोडाऊनमधल्या सगळ्या उघड्या बाटल्या बाहेर काढा. ज्यांची तारीख तुम्हाला आठवत नाही, त्या इंजिनमध्ये घालू नका. बाकीच्यांवर आत्ताच लिहा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!