शरणपूरचा रस्ता

आज गुड फ्रायडे; परवा ईस्टर. भस्मबुधवारी कपाळी राखेची खूण लावून ख्रिस्ती बांधवांनी आरंभिलेला उपवासकाळ आता समाप्तीस येत आहे. या विशेष पृष्ठावर गोदाकाठी रामकथेवर पोसलेल्या एका हरदासाचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल, काहींना कदाचित खटकेलही. परंतु पश्चात्ताप हा विषय आम्ही चाळीस वर्षे लोकांना सांगत आलो आणि त्याचा अर्थ आम्हांस उमगला तो एका परधर्मीयाच्या चरित्रापाशी, ही गोष्ट कधीतरी सांगून टाकावयाची होतीच.

शरणपूर रोड ठाऊक नाही असा नाशिककर विरळा. आम्ही त्या रस्त्याने हजारो वेळा गेलो असू. ‘शरण’ हा शब्द आमच्या व्यवसायातला. बिभीषणाची शरणागती लावली की दोन तास कसे सरतात ते कळत नाही. पण या वस्तीला शरणपूर का म्हणतात, हा प्रश्न आम्हांस साठी उलटेपर्यंत पडला नाही. विद्वत्तेचे असेच असते. दूरच्या लंकेतले सर्व ठाऊक, घराशेजारचे काही नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती वसविली. येथे मराठी मुलांबरोबर आफ्रिकेतली मुलेही शिकत. गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रज आरमार पकडी आणि त्यांतून सुटलेल्या मुलांपैकी काहींना नाशकात आणून ठेवीत. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. डॉ. लिव्हिंग्स्टन १८७३ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा त्यांच्यासाठी अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा हाच. त्यांच्या देहाबरोबर तो इंग्लंडला गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत ती शवपेटी धरणाऱ्यांत आमच्या नाशकात शिकलेला हा तरुण होता. पुढे लवकरच येथील बरेच आफ्रिकन मोंबासाजवळच्या वसाहतीत गेले. नाव तेवढे मागे राहिले.

या सोसायटीचा उगम शोधीत आम्ही मागे गेलो, तेव्हा एक विलक्षण गाठ दिसली. ज्या मंडळींच्या चर्चेतून ती १७९९ साली लंडनमध्ये जन्मास आली, त्यांत जॉन न्यूटन नावाचा एक वृद्ध पाद्री होता. आणि हा पाद्री पूर्वाश्रमी गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता.

न्यूटनचा जन्म १७२५ चा. सात वर्षांचा होण्याआधीच आई गेली, बाप दर्यावर्दी. आरमारात त्याला सक्तीने भरती केले, तेथून तो पळाला, पकडला गेला, फटके खाल्ले. पुढे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याकडे तो स्वतःच गुलामासारखा राबला, उपाशी राहिला. त्या अवस्थेतही वाळूत काठीने आकृत्या काढून युक्लिडची भूमिती गिरवीत असे. बुद्धी अशी, आणि जीभ इतकी विटाळलेली की खलाशांनी कानांवर हात ठेवावेत. देव नाही असे तो सांगत सुटे आणि दुसऱ्यांची श्रद्धा मोडण्यात त्याला गंमत वाटे.

मार्च १७४८ मध्ये मायदेशी परतताना अटलांटिक महासागरात ‘ग्रेहाउंड’ जहाज वादळात सापडले. रात्री झोपेतून उठून तो वर धावला. त्याच्या थोडा पुढे वर गेलेला माणूस लाटेबरोबर वाहून गेला. फुटलेल्या जहाजातले पाणी उपसता उपसता त्याच्या तोंडून सहज निघून गेले, की प्रभूने आता दया करावी. शब्द निघाला आणि तोच दचकला. आपल्यासारख्यावर दया कशी होईल, हा विचार त्याला त्याच क्षणी डसला. जहाज कसेबसे आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. तो दिवस न्यूटनने पुढे जन्मभर पाळला.

आमच्यासारखा हरदास येथेच आख्यान संपवील. वादळ झाले, हाक झाली, सुटका झाली. आता झांज वाजवावी आणि आरती लावावी. चाळीस वर्षे आम्ही हेच केले आहे. वाल्याचा वाल्मीकि होतो तो आमच्या कीर्तनात अडीच घटकांत, आणि श्रोते डोळे पुसून घरी जातात. परंतु न्यूटनच्या चरित्रातला अवघड भाग येथून पुढे सुरू होतो.

कारण त्या वादळानंतर न्यूटन गुलामांच्या व्यापारातच राहिला. इतकेच नव्हे, बढती मिळून कप्तान झाला. १७५० ते १७५४ या काळात त्याने तीन सफरी केल्या. रविवारी डेकवर खलाशांना जमवून तो उपासना चालवी, आणि पायांखालच्या तळघरात साखळदंडांत जखडलेली माणसे दाटीवाटीने पडलेली असत. फावल्या वेळी लॅटिन ग्रंथांचे अध्ययन. बंडाचा संशय आला म्हणून काही मुलांचे अंगठे लोखंडी चापात धरल्याचे त्याने रोजनिशीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. लिहिताना त्याचा हात कापला असे त्या नोंदीवरून दिसत नाही. १७५४ साली तो हा धंदा सोडतो तोही सदसद्विवेकाने नव्हे. झटका येऊन प्रकृती बिघडली म्हणून. पुढे १७६४ साली दीक्षा झाली, ओल्नी गावी पाद्री झाला, आणि १७७३ च्या वर्षारंभासाठी त्याने ते गीत रचले, जे ‘अमेझिंग ग्रेस’ या नावाने आज जगभर गाइले जाते. एवढे होऊनही त्या तळघराचे दार उघडले नव्हते.

ते उघडले १७८८ साली. आफ्रिकी गुलाम-व्यापारावर त्याने एक पुस्तिका लिहिली; आपण काय पाहिले आणि काय केले ते मांडले. ही कबुली फार उशिरा येत आहे हे त्याने स्वतःच मान्य केले. १७९० साली पार्लमेंटच्या समितीपुढे साक्षही दिली. तत्पूर्वी, १७८५ च्या डिसेंबरात, विल्बरफोर्स नावाचा एक तरुण खासदार, राजकारण सोडून धर्मकार्यात शिरावे की काय अशा संभ्रमात, त्याच्याकडे गुपचूप आला होता. न्यूटनने त्याला राजकारणातच राहण्याचा सल्ला दिला. गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा मार्च १८०७ मध्ये झाला. दृष्टी बहुतेक गेलेला न्यूटन त्याच वर्षीच्या डिसेंबरात वारला.

वादळापासून पुस्तिकेपर्यंत चाळीस वर्षे! मग १७४८ चा तो पश्चात्ताप खोटा होता काय? आमचे एक तर्कनिष्ठ स्नेही म्हणतात, होय, खोटा. आणि असल्या सवलतीच्या धर्मामुळेच माणसे निर्ढावतात. आधी हवे ते करावे, मग कृपेची चादर ओढून झोपावे. आक्षेप हलका नाही. अजामिळाची कथा सांगताना हाच आक्षेप आम्हांस दरसाल ऐकावा लागतो.

आम्हांस मात्र वाटते की येथे शब्दानेच आपली फसवणूक केली आहे. मराठी बायबलात ‘पश्चात्ताप’ हा शब्द योजिला आहे. त्याचा धात्वर्थ मागाहून होणारा जाळ. आपले ‘प्रायश्चित्त’ परंपरेने सोडवतात ते ‘प्राय’ म्हणजे तप आणि ‘चित्त’ म्हणजे निश्चय असे. दोन्हींत ताप आहेच. मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’. त्यात जाळ नाही; बुद्धी पालटणे, एवढाच अर्थ. त्याच्या पाठीशी असलेली हिब्रू धातूची कल्पना तर आणखी साधी: वळणे, माघारी फिरणे. जळून जाणे एका रात्रीत होते. वळलेल्या माणसाला सगळा रस्ता पुन्हा चालावा लागतो, आणि न्यूटनचा रस्ता चाळीस वर्षांचा निघाला.

आणि वळण्याचे बळ कोठून येते? दाक्षिणात्य श्रीवैष्णवांत यावर जुना वाद आहे. वानरीचे पिलू आईला स्वतः घट्ट धरते, मांजरीच्या पिलाला आईच तोंडात उचलून नेते. जीवाची रीत यांतली कोणती? ख्रिस्ती कृपेचा पक्ष उघडच मांजरीकडे झुकतो. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात मुलगा माफीचे भाषण वाटेत जुळवून ठेवतो. मला चाकर म्हणून ठेवा, हे त्यातले शेवटचे वाक्य. प्रत्यक्षात बाप दुरूनच धावत येऊन मिठी मारतो आणि ते वाक्य बोलावयाचे राहूनच जाते. तथापि एका जागी हे मत आमच्या कर्मसिद्धान्तापासून स्पष्ट फुटून निघते. ज्याचे कर्म त्याने भोगावे असे आम्ही शिकलो. येथे दुसराच कोणी ते भोगतो, आणि आजचा शुक्रवार त्याचाच आहे. ही गोष्ट आमच्या गळी पूर्ण उतरली असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय मात्र आम्हांस सोडीना. जकातदारांचा हा नायक; ठेंगणा, श्रीमंत, लोकांच्या तिरस्काराचा धनी. येशूला पाहण्यासाठी तो उंबराच्या जातीच्या एका झाडावर चढतो. येशू त्याला खाली बोलावून आज तुझ्याच घरी उतरणार म्हणून सांगतो. हिशेब विचारीत नाही, उपदेश करीत नाही. आणि मग, न मागता, जक्कय उभा राहून बोलतो: अर्धे धन गरिबांना, आणि ज्याला ज्याला फसविले त्याला चौपट. क्रम पाहावा. कृपा आधी आली आणि वही मागून उघडली. वही उघडण्याचे धैर्य त्याला त्या कृपेनेच दिले.

आमचीही एक वही होती. अठरा वर्षे एक पेटीवाले आमच्या साथीला होते. बिदागीचा चौथा हिस्सा त्यांचा, असा ठराव. पाकीट मात्र आमच्या हाती येई, आणि आम्ही जो आकडा सांगू तोच त्यांना कळे. आम्ही कमी सांगत असू. २००३ साली एका गावी रामनवमीच्या उत्सवात त्यांनी सहज विचारले, ‘बुवा, पाकिटात किती होते?’ भर सभामंडपात एक सुभाषित फेकून आम्ही त्यांच्या लोभाची थट्टा केली. मंडळी हसली. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. त्या रात्री आमचे आख्यान वाल्याचे होते.

न्यूटन वाचून झाल्यावर आम्ही जुन्या रोजनिशा काढल्या. खऱ्या बिदागीचे आकडे आमच्याच अक्षरात, तारीखवार. तीन दिवस बेरीज चालली होती. सत्तावीस हजार चारशे रुपये. चौपटीची ऐपत नव्हती; दुप्पट घेतले आणि गेल्या माघात एस्टीने सिन्नरच्या पुढे त्यांच्या गावी गेलो.

ओसरीवर बसून त्यांनी आमची वही चाळली. चष्मा काढून बाजूला ठेवला.

‘मला पहिल्या वर्षापासूनच ठाऊक होतं, बुवा.’

यावर आमच्याजवळ सुभाषित नव्हते. मग अठरा वर्षे साथ का केली, हे विचारण्याचे धाडस झाले नाही. त्यांनी पैसे मोजले, निम्मे आमच्याकडे सरकविले, निम्मे नातीच्या फीला होतील म्हणून आत दिले. चहा झाला. एस्टीची वेळ होत आली तेव्हा त्यांनी विचारले,

‘एकादशीचं कीर्तन अजून करता ना? हल्ली पट्टी कोणती?’

आम्ही सांगितले, खाली आली आहे.

‘माझीही बोटं आता चालत नाहीत पहिल्यासारखी,’ ते म्हणाले, आणि पेटीवरची खोळ काढावयाला आत गेले.